शुभंकर, दुसरा मजला

पत्ता टाकला आणि उत्तर लगेच आलं, तेव्हा ऋजुताने कीबोर्डवरचे हात मागे घेतले. यायला नको होतं ते. निदान इतक्या पटकन तरी नको होतं. शनिवारचं ऑफिस, म्हणजे अर्धं रिकामं. वागळे इस्टेटमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर एसीची घरघर आणि खालच्या वर्कशॉपमधून पत्रा कापल्याचा आवाज, एवढंच काय ते. समोर स्क्रीनवर नकाशा, नकाशावर विठ्ठलवाडी, आणि विठ्ठलवाडी स्टेशनच्या जरा अलीकडे एक लाल खूण. शुभंकर अपार्टमेंट. झालं! इतके दिवस ती भेटेल त्याला सांगत होती, जायचंय हो, पण पत्ताच नीट कळत नाहीये. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण कल्याण पूर्वेचे पत्ते म्हणजे काय प्रकार असतो हे सगळ्यांना ठाऊक. आता ती सबब गेली. कादंबरीचे, म्हणजे तिच्या जिवलग मैत्रिणीचे, दिवस सरत आले होते, तेरावं तोंडावर होतं, ते झालं की कादंबरीची आई, प्रमोदिनीकाकू, भावाकडे नाशिकला कायमची जाणार होती, आणि ऋजुता अजून तिला भेटायला गेलेली नव्हती.

तसं पाहिलं तर ही सबब तिच्या तोंडी शोभणारी नव्हतीच. ऋजुताने पत्ता सापडत नाही म्हणावं! पोट भरत होतं ते पत्त्यांवर. तिच्या कंपनीने एक सहायक बनवला होता, हल्ली लोक फोनशी बोलतात आणि फोन उत्तर देतो त्यातलाच एक, आणि गेली दोन वर्षं त्याला नकाशा वाचायला शिकवण्याचं काम चाललं होतं. सुरुवातीला तो बेटा चक्क थापा मारायचा. कोलशेतला दवाखाना कुठेय विचारलं की नसलेल्या रस्त्यावरचा नसलेला दवाखाना असा काही छातीठोकपणे सांगायचा, की आजारी माणूस रिक्षा करून निघालाच पाहिजे. मग त्याला खुल्या नकाशाची दारं उघडून दिली. खुला म्हणजे कोणा एकाच्या मालकीचा नव्हे. जगभरच्या रिकामटेकड्या आणि भल्या माणसांनी आपापली गल्ली, आपापला नळ, आपापलं मारुतीचं देऊळ भरून भरून केलेला. कोणी पत्ता सांगितला, की सहायकाने मनाचं काही न सांगता त्या नकाशाला विचारायचं, आणि त्या पत्त्याचा पृथ्वीवरचा नेमका ठिपका काढून घ्यायचा. ऑफिसात याला जिओकोडिंग म्हणत. ऋजुताचं काम असं, की आपली माणसं पत्ते जसे सांगतात तसेच्या तसे त्याला घालून पाहायचे. 'दत्तमंदिराच्या मागे, बंद पडलेल्या गिरणीच्या वर, बेल वाजत नाही, हाक मारा.' असल्या पत्त्याचा ठिपका बरोबर पडला की तिला घरातलं पोर पास झाल्याइतका आनंद व्हायचा. नाही पडला की ती स्वानंदच्या मागे लागायची. स्वानंद तिचा साहेब, पण वयाने लहान, त्यामुळे अरे-तुरे. "चुकू दे रे त्याला," ती म्हणायची, "पण खात्री नसेल तर खात्री नाही म्हणायला शिकव. आपल्याकडे पत्ता माहीत नसला तरी लोक हात करून 'असंच सरळ जा' म्हणतात. हा तसला नको." "मॅडम, तुम्ही त्याला माणसापेक्षा चांगला करायला निघालात," असं म्हणून स्वानंद हसायचा, पण त्याने ते केलं.

म्हणून तर आता लाल खुणेच्या खाली सहायकाने लिहिलं होतं: 'या नावाची एकच नोंद नकाशात मिळाली. पण या भागातल्या बऱ्याच नव्या इमारती नकाशात अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे हीच ती इमारत असं मी खात्रीने सांगू शकत नाही. भेटायला जाताय म्हणालात, तर निघण्याआधी घरी एकदा फोन करून विचारलंत तर बरं होईल.' ऋजुताच्या हट्टापायीच हे वाक्य जन्माला आलेलं. दुसऱ्या कोणी ते वाचून तसंच पुढे ढकललं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. काकूंचा नंबर तिच्याकडे होता. तिने ते वाक्य वाचलं, हं म्हणाली, स्क्रीन बंद केली आणि पर्स उचलून निघाली.

कादंबरीला दिशा कळत नसत. ठाण्याच्या शाळेत गणित शिकवायची, भूमितीची प्रमेयं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेल, पण ज्या गावात जन्म काढला तिथे तलावपाळीहून स्टेशन कुठल्या अंगाला, हे आठवायला बाईला थांबून विचार करावा लागायचा. मग फोन यायचा. "ऋजू, मी हरवले. समोर एक निळं दार आहे, बाजूला चांभार बसलाय, आणि एक म्हातारा मला टक लावून बघतोय. सांग मी कुठेय." आणि ऋजुता कुठेही असो, गॅसपाशी असो की मीटिंगमध्ये, क्षणभर डोळे मिटायची. निळं दार. चांभार. "डाव्या हाताला उसाचा रस आहे का गं? मग आलीस तशी मागे फिर." फोनमध्ये नकाशे आले, तरी कादंबरीने ते कधी उघडले म्हणून नाहीत. "तू आहेस ना," म्हणायची. सहायकाचं काम मिळालं तेव्हा तर तिला केवढा चेव आला! "म्हणजे इतकी वर्षं माझ्यावर फुकट प्रॅक्टिस केलीस की गं! अर्धा पगार माझा." गेल्या वर्षी ठाण्याची त्यांची बिल्डिंग पाडायला घेतली आणि मायलेकी भाड्याने विठ्ठलवाडीकडे राहायला गेल्या. तिथे भांडी फळीवर लागताहेत तोवर हिचं दुखणं निघालं. पुढचे महिने सगळे ठाण्याच्या हॉस्पिटलात. ऋजुता ऑफिस सुटलं की तिथे. संत्री सोलायची, शाळेतल्या कागाळ्या ऐकायच्या. ते नवं घर बघायचं राहूनच गेलं. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. का न्या, हे तिथे असलेल्या तिघींनाही कळलं होतं, आणि तिघीही कसल्या तरी गोळ्यांच्या वेळा विचारत राहिल्या.

त्या घरातून तिचा शेवटचा फोन आला. आवाज अगदी बारीक, पण मिश्कील. "ऋजू, समोर एक भिंत आहे. पिस्ता रंगाची. वर एक पाल. सांग बघू मी कुठेय." "घरी आहेस, गाढवे." "नक्की?" "नक्की." "मग ठीक," म्हणाली, आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्या मावसभावाचा मेसेज आला, पत्ता आणि वेळ लिहून. ऋजुताने तो पाहिला तोवर ऊन वर आलेलं आणि सगळं उरकलेलं. तेव्हापासून हे 'उद्या' सुरू झालं. तिला रडू आलं नव्हतं. ती जेवत होती, झोपत होती, सहायकाला पत्ते घालत होती. सलिल, तिचा नवरा, दोनदा म्हणाला, मी येतो सोबत, गाडीने जाऊ. तर त्याच्यावरच खेकसली. त्या घरी गेलं की काकू दारात येणार आणि एक वाक्य म्हणणार. ते वाक्य ऋजुता मनातसुद्धा पुरं होऊ देत नव्हती. मेसेजमध्ये ते होतं, पण मेसेजचं काय, फोन पालथा ठेवला की संपलं. कोणी अजून तिच्या तोंडावर ते म्हणालेलं नव्हतं. काकू म्हणाली की मग ते झालंच.

कल्याणला उतरून रिक्षात बसली. रिक्षावाल्याने पत्ता विचारला तर तिने त्याला नुसता फोन दाखवला. स्वतःच्या तोंडाने ते नाव उच्चारायची इच्छा नव्हती. दुपारचं रणरणतं ऊन, रस्त्याला खणून ठेवलेले चर, रसवंतीवाल्याचे घुंगरू. रिक्षा थांबली ती एका जुन्या चार मजली इमारतीपाशी. पागोळ्यांचे काळे ओघळ, जिन्यात बंद पडलेल्या मीटरांचे खोके, आणि वर सिमेंटातच कोरलेलं नाव, शुभंकर. कोणी वॉचमन-बिचमन नव्हता. मेसेजमध्ये दुसरा मजला म्हटलेलं. ती कठड्याला धरून चढली. दुसऱ्या मजल्यावर एका दारासमोर चपलांचा ढीग पडलेला, दार सताड उघडं, आत पुटपुटल्यासारखे आवाज. असं दार दिसलं की आपल्याकडे कोणी बेल वाजवत नाही, आत कोणी 'या' म्हणत नाही, आणि निघताना आपणही 'येते' म्हणायचं नसतं. ऋजुताने चपला काढल्या. त्या ढिगाच्या कडेला नीट जोडून ठेवल्या, आणि आत शिरली.

शिरल्याबरोबर एक धिप्पाड म्हातारी उठली, तिने ऋजुताला पोटाशी धरलं आणि मोठ्याने गळा काढला. "आली गं माझी बाई, बघाया आली! आता कुणाला बघशील गं!" म्हातारीच्या पदराला तपकिरीचा वास होता. ऋजुता तशीच उभी, हात कुठे ठेवावेत कळेना. असेल कादंबरीची कोणी आत्या नाहीतर मावशी. पण कादंबरीकडची माणसं अशी रडत नसत. ती नाकाला रुमाल लावून खिडकीबाहेर बघत. म्हातारीने तिला सतरंजीवर शेजारी बसवून घेतलं आणि हात काही सोडला नाही. भिंतीशी पुरुष मंडळी मांडी घालून बसलेली. ऋजुताची नजर काकूंना शोधत होती, स्वयंपाकघराच्या दाराकडे, आतल्या खोलीकडे. तेवढ्यात समोरचा माणूस फोन घ्यायला उठला आणि त्याच्यामागचा फोटो दिसला. हार घातलेला, खाली तेवती पणती. फोटोत नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली एक म्हातारी होती आणि ती फोटोवाल्यावर रागावल्यासारखी बघत होती.

आधी ऋजुताला वाटलं, चला, कादंबरी नाही गेली. खरंच असं वाटलं. दुसरीच कोणी गेलीय, आपण उगीच इतके दिवस घाबरलो. पुरतं एक श्वासभर तिला इतकं हलकं वाटलं की ती हसली असती. आणि मग डोक्यावरून कोणी गार पाणी ओतावं तसं भान आलं. चुकीचं घर. परक्यांच्या सुतकात येऊन बसलोय आपण, परक्या म्हातारीचा हात हातात घेऊन. उठावं, माफी मागावी, पण कसं उठणार? काय म्हणणार, माफ करा, मला दुसरी मेलेली बाई हवी होती? छे! "कुठनं आला तुम्ही?" म्हातारीने डोळे पुसत विचारलं. "ठाण्याहून. म्हणजे ऑफिसातूनच... वागळे इस्टेट." "मंग आक्षीच्या हापिसातल्या व्हय!" म्हातारी एकदम सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, आणि ऋजुताची मान आपोआप हलली, हो अशी. कशी हलली तिचं तिला कळलं नाही. "बघ रं विनीत, आक्षीच्या हापिसातल्या बाई आल्या. आक्षे, ए आक्षे, भाईर ये! तुज्या मॅडम आल्यात!"

आता मेले, ऋजुताने मनात म्हटलं. स्वयंपाकघरातून एक तिशीची मुलगी ओले हात ओढणीला पुसत बाहेर आली. सुजलेले डोळे, केस कसेतरी बांधलेले. तिने ऋजुताकडे पाहिलं. मुलीच्या कपाळावर आठी उमटली, ओठ उघडले. ऋजुताने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं असेल ती गयावया करणारीच असणार. खोलीतली सगळी माणसं त्या दोघींकडे बघत होती. आणि मुलगी म्हणाली, "हो. बसा ना, मॅडम. पाणी आणते." पाणी आणून ती ऋजुताला खेटून बसली. "किती लांबनं आल्या बघा," म्हातारी, म्हणजे तिची आत्या, इतरांना सांगत होती, "न् आपण म्हणत व्हतो, पोरगी रातंदिस हापिस हापिस करती आन् तितलं कुत्रं बी फिरकलं न्हाई." मुलीने मान खाली घातली. मग आत्याबाईचा आवाज चढल्याचं बघून, अगदी हळू, ओठ न हलवता, तिने विचारलं, "कोण तुम्ही?"

"चुकले," ऋजुता पुटपुटली. "मला शुभंकरलाच यायचं होतं. माझी मैत्रीण गेली. कादंबरी. सॉरी हं, मी उठते लगेच." "उठू नका," मुलगी म्हणाली. "प्लीज. थोडं बसा. खरंच कोणी नाही आलं माझ्या ऑफिसमधून. ग्रुपवर हात जोडलेले सगळ्यांनी टाकले. आत्या रोज टोमणे मारते." म्हणून मग ऋजुता बसली. अक्षदाची, म्हणजे त्या आक्षीची, मॅडम होऊन बसली.

मग अक्षदाचे वडील, पोपटराव, सरकत सरकत जवळ आले. खुरट्या दाढीचा, खाकी अर्ध्या चड्डीतला साधा म्हातारा. आपल्याकडे आलेल्या माणसाने 'कसं झालं?' विचारायचं असतं आणि घरच्यांनी ते पहिल्यापासून सांगायचं असतं. प्रत्येक नव्या माणसाला, पुन्हा पहिल्यापासून. ऋजुताने विचारलं नाही तरी त्यांनी सांगायला घेतलं. "काय नव्हतं हो तिला. सकाळी उठली, च्या दिला. म्हणली, आमटीत आमसूल टाकू का चिंच? मी पेपर वाचत व्हतो. म्हणलं, टाक काय पण. लगीन झाल्यापास्नं रोज इचारायची, आन् मी रोज म्हणायचो, टाक काय पण." ते फोटोकडे वळले. "आन् मग आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, मांजर." एवढंच म्हणाले, आणि ऋजुताच्या घशातून असा काही हुंदका फुटला की तीच दचकली. पोपटराव बघत राहिले. तिला थांबता येईना. नाकातोंडातून पाणी येत होतं, पर्समध्ये रुमाल सापडत नव्हता, अक्षदा पाठीवरून हात फिरवत होती, आणि ज्या बाईचं नावही तिला माहीत नव्हतं तिच्या फोटोसमोर ऋजुता हमसून हमसून रडली. "गंगुबाई, बघा," आत्या फोटोला म्हणाली, "पोरीच्या सायबीण बाई तुमच्यासाठी रडत्यात. पुण्यवान तुम्ही." शेजारणीने घरून चहा करून आणलेला, तो कोणीतरी तिच्या हातात दिला. फार गोड होता. तिने तो सगळा प्यायला.

रडून झाल्यावर डोकं फार स्वच्छ होतं आणि मग नको ते दिसायला लागतं. ऋजुताला दिसलं, की ती चुकलेली नाही. म्हणजे घर चुकलं, पण ती नाही चुकली. सहायकाने सांगितलं होतं, खात्री नाही, विचारून घ्या. त्याला बिचाऱ्याला जेवढं माहीत तेवढं त्याने नीट सांगितलं. तिला मात्र त्याच्याहून जास्त माहीत होतं: इमारत नवी आहे असं कादंबरीच म्हणालेली, लिफ्ट आहे म्हणालेली, आणि समोर हा ओघळलेला जिना. कठड्याला धरून चढतानाच तिला कळलं असणार. आत कुठेतरी कळलंच होतं. चुकीच्या घरी जायचं होतं तिला. जाऊन आले, सापडलं नाही, असं सलिलला सांगता आलं असतं, आणि तेरावं होऊन गेलं असतं, आणि काकू नाशिकला, आणि मग काय, कादंबरीने केव्हाही फोन करावा. इतकी हुशार आपण! तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, काय सांगायचं, कीवही आली.

निघताना 'येते' न म्हणता ती उठली. "मॅडमना रिक्षापर्यंत सोडते," अक्षदाने सांगितलं. आत्या लगेच, "सुतकात कुटं भाईर निगालीस?" पण ती तोवर जिन्यात. खाली आल्यावर अक्षदा म्हणाली, "चला. नवीन शुभंकर मागे झालीय, नाल्याच्या पलीकडे. सेम बिल्डर. पार्सलवाले पण सगळे आमच्याकडेच येतात. मी दाखवते." "अगं, पण तू घरातून अशी... तुमच्याकडे दिवस आहेत." "मग त्यांच्याकडे पण दिवसच आहेत ना? दोन्हीकडे सुतक. कोणाचं कोणाला लागणार?" हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की ऋजुताला हसू आलं, आणि मग दोघीही, डोळे सुजलेल्या दोन बायका, भर रस्त्यात हसल्या. नाल्यावरच्या फरशीवरून जाताना अक्षदा म्हणाली, "मी पण अजून नीट रडलेली नाही. सगळ्यांचे चहा, सगळ्यांची अंथरुणं. तुम्ही रडत होता ना, तर मला बरं वाटत होतं. वाईट आहे ना असं?" "नाही गं," ऋजुता म्हणाली. "बरं झालं म्हणालीस."

नवी शुभंकर होती खरी. काचेचं फाटक, रंग अजून ताजा, लिफ्ट. आणि फाटकापाशी आल्यावर ऋजुताने काय करावं? फोन काढला. सहायकाला सांगायला लागली, की बाबा रे, इथे दुसरी इमारत आहे, नोंदीत घे, नाव हे, बाजू ही, प्रवेश या अंगाने. मन लावून सांगत होती, अगदी कामात असल्यासारखी. सहायकाने सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं: 'धन्यवाद, जागेवर उभं राहून दिलेली माहिती नकाशासाठी भरवशाची असते. नोंद मी तयार ठेवतो, तुम्ही नंतर तपासून पाठवू शकता. तुम्ही इथे भेटायला आला आहात ना? आधी ते झालं तरी चालेल.' अक्षदाने खांद्यावरून ते वाचलं. "बरोबर बोलतोय तो," म्हणाली.

"मी उद्या येते," ऋजुता म्हणाली. "आज फार झालं. तोंड बघ माझं कसं झालंय." "मॅडम," अक्षदा म्हणाली, "आमच्याकडे कोण गेलंय ते माहीत नसताना आत शिरलात. इथे तर माहीत आहे तुम्हाला." "म्हणून तर!" ऋजुता जवळजवळ ओरडलीच. वॉचमनने मान वर करून पाहिलं. अक्षदाने फाटक ढकललं आणि ते धरून उभी राहिली. घरी तिच्या नावाने हाका चालू झाल्या असतील, आत्याने डोक्यावर घर घेतलं असेल, पण तिला घाई दिसत नव्हती. ऋजुताला वाटलं, या पोरीच्या ऑफिसातल्या त्या हात जोडणाऱ्यांना एकदा धरून आणावं इथे. मग ती आत गेली.

दुसऱ्या मजल्यावर चपला थोड्याच होत्या. दार उघडं होतं, पण दारात पडदा. अक्षदा कठड्याशीच थांबली. ऋजुताने पडदा बाजूला केला. खोलीत कोणी नव्हतं, फक्त प्रमोदिनीकाकू, खुर्चीत, फिकट सुती साडीत, मांडीवर निवडायला घेतलेली मेथी. केवढीशी झाली होती बाई. काकूने वर पाहिलं, चष्मा सारखा केला, आणि तिला ओळख पटली तशी मेथी मांडीवरून खाली सांडली. उठायचा प्रयत्न केला तिने, पण उठवलं नाही.

"ऋजू," काकू म्हणाली. "कादंबरी नाही गं राहिली."

ते वाक्य खोलीत आलं. ऋजुता उभी होती तिथेच उभी राहिली. काही कोसळलं नाही. बाहेर जिन्यात अक्षदा नाक ओढत होती ते तिला ऐकू आलं. मग ती पुढे गेली, फरशीवर, काकूच्या पायाशी बसली आणि सांडलेली मेथी ओंजळीत गोळा करायला लागली.

"माहीत आहे, काकू," ती म्हणाली. "मी तुमच्याकडेच आलेय. सांगा मला. पहिल्यापासून सांगा."